एकाच हातच्या पाच बाटल्या

आमच्या प्रयोगशाळेत संगणकावरच्या प्रणालीला सगळे ‘जाऊबाई’ म्हणत. कोणत्या कक्षातून कोणाचा नमुना आला, त्यात कोणता जंतू वाढला, तो कोणत्या औषधाला दबतो आणि कोणत्या औषधाला जुमानत नाही, हे सारे तिच्या ध्यानात राही. शिवाय तीन आठवड्यांपूर्वीची एखादी गोष्ट आजच्या गोष्टीशी जोडून ती चारचौघांत बोलून दाखवी. वर्षभरापूर्वी ही प्रणाली रुग्णालयात आली आणि तिची देखभाल माझ्याकडे सोपवण्यात आली, तेव्हा काचसामान धुणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या, “तुम्हाला जाऊ नव्हती ना, घ्या. आता कळेल संसार काय असतो ते.”

त्या सोमवारी सकाळी मी संगणक सुरू केला तेव्हा नवजात बालकांच्या कक्षावर लाल वर्तुळ उमटलेले होते. एकाच कक्षात एकाच प्रकारचा जंतू, औषधांना तोच प्रतिसाद देणारा, तीनपेक्षा अधिक वेळा सापडला की जाऊबाई असे वर्तुळ काढते. इथे एकवीस दिवसांत पाच बाळांच्या रक्तात तो सापडला होता. जंतूही साधासुधा नव्हता. ओलाव्यात राहणारा, नळाच्या तोटीत आणि फरशी पुसण्याच्या पाण्यात तग धरणारा, निम्म्याहून अधिक औषधांना दाद न देणारा. असा जंतू हवेवर तरंगत येऊन बाळाच्या रक्तात शिरत नाही. त्याला कोणाच्या तरी हातून यावे लागते.

मी विभागप्रमुख मॅडमना बोलावले. त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन बराच वेळ पडदा वाचत राहिल्या.

“रक्त कोणी घेतलं ते जोड याला,” त्या म्हणाल्या.

रक्त घेणाऱ्या परिचारिकेचा क्रमांक प्रत्येक मागणीपत्रावर असतो. मी तो रकाना उघडला. पाचही ओळींपुढे एकच क्रमांक आला.

तो मला पाठ होता. तो क्रमांक छापलेले ओळखपत्र आमच्या घरी दाराजवळच्या खुंटीवर लटकत असे आणि दार उघडले की वाऱ्याने भिंतीवर आपटे.

“कोण आहे ही?”

“माझी नणंद,” मी म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्या नजरेचा अर्थ मला लगेच कळला, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही तसेच पाहिले असते.

“वर्तुळ कधी उमटलं?”

“चौथ्या आणि पाचव्या बाळाचा अहवाल शनिवारी संध्याकाळी एकदम पुरा झाला. वर्तुळ त्यानंतर उमटलं असणार. रविवारी मी नसते.”

“हं. रविवारी तू नसतेस.” त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. पुढे बोलल्या तेव्हा ‘तू’चे ‘तुम्ही’ झाले होते. “शुक्रवारी दुपारी चौकशी कमिटी बसेल. तोवर तिला कक्षात पाऊल टाकता येणार नाही. हातांच्या स्वच्छतेत हयगय झाली असं ठरलं, तर प्रकरण परिचारिकांच्या नोंदणी मंडळाकडे जाईल. मग तिला हे रुग्णालय काय, कुठलंच रुग्णालय काम देणार नाही. तुम्ही घरी या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

“आणि प्रणालीत कोणी काही पुसलं, बदललं, तर त्याचीही नोंद राहते. हे तुम्हाला सांगायला नको.”

नकोच होते. ती सोय मीच त्यांना कौतुकाने दाखवली होती.

माझी नणंद माझ्याच वयाची, अडतिशीची. नवजात कक्षात तिच्या आवाजाने तीन-तीन शिकाऊ परिचारिका ताठ उभ्या राहतात, पण घरी तिला अजून ‘चिऊ’च म्हणतात. ती आमच्याकडेच राहते. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ती आधीच येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाजी चिरत बसली होती, आणि माझा नवरा दारात उभा राहून तिला विचारत होता.

“आज दुपारीच कशी काय?”

“सक्तीची सुट्टी. शुक्रवारपर्यंत. कारण विचारलं, तर म्हणे वरून आदेश आहे.” तिने मान वर न करता पुढे म्हटले, “वरून म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून ना, वहिनी? आमच्या वर तुमची प्रयोगशाळाच आहे.”

“मला बोलता येणार नाही, चिऊ.”

“बघ दादा. बोलता येणार नाही म्हणजे हिला सगळं माहीत आहे.”

“तुझ्या त्या जाऊबाईनं काही घोळ घातला का?” नवऱ्याने मला विचारले. त्याला बिचाऱ्याला बायको आणि बहीण यांच्यामधून वाट काढायची होती आणि यंत्रावर ठपका ठेवणे त्याला सोयीचे होते.

“ती घोळ घालत नाही,” मी म्हणाले, आणि म्हणताक्षणीच जीभ चावली.

सुरी थांबली. “म्हणजे मी घातला.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“नाही, तू काहीच म्हटलं नाहीस. तुला बोलता येत नाही ना.”

ती पुन्हा चिरू लागली आणि मी तिच्या हातांकडे पाहत राहिले. नखे मुळापर्यंत कापलेली. वीस वर्षे दिवसातून पन्नास वेळा धुऊन बोटांच्या पेरांवरची कातडी कोरडी पडलेली, दोन ठिकाणी उललेली. मी त्या भेगांचा विचार करत होते. भेगेत ओलावा राहतो. ओलाव्यात काय राहते ते मी सकाळी वाचले होते. हात धुण्याच्या जागी तिच्या मलमाची मोठी नळी ठेवलेली असे. अशा मलमांतून जंतू पसरल्याची उदाहरणे मी स्वतः अभ्यासली होती. तीच नळी ती पिशवीतून कामावर नेते का? नेत असेल. घड्याळाचा कापडी पट्टा ड्यूटीवर काढून ठेवते म्हणते, पण तो काढताना मी कुठे पाहिले आहे?

“माझ्या हातांना काय झालंय?” ती म्हणाली.

“कुठं काय?”

“मघापासून बघते आहेस. ज्योतिषी झालीस की काय?”

नवरा हसला. मीही हसल्यासारखे केले. ती हसली नाही.

प्रयोगशाळेतून निघताना मी तीन निर्जंतुक कापूसकाड्या पर्समध्ये टाकल्या होत्या. असेच, लागल्या तर, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. चिऊ आंघोळीला गेली तेव्हा एक काडी मी मलमाच्या नळीच्या तोंडावर फिरवली, दुसरी घड्याळाच्या पट्ट्यावर, तिसरी तिच्या हात पुसायच्या फडक्यावर. मग तिन्ही काड्या त्यांच्या काचनळ्यांत घालून, बुचे घट्ट लावून पर्समध्ये ठेवल्या. हे सगळे मी प्रयोगशाळेतल्यासारखे सराईतपणे केले, याचे पुढे मला फार वाईट वाटले.

मंगळवारी सकाळी मी त्या काड्या जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढल्या. आमच्याकडे नोंद केल्याशिवाय कोणत्याही प्लेटला क्रमांक मिळत नाही, आणि क्रमांकाशिवाय प्लेट उबेच्या पेटीत, इन्क्युबेटरमध्ये, जात नाही. मी नोंदीत लिहिले: ‘घरगुती नमुना, तीन.’ मॅडम दोनदा माझ्या टेबलावरून गेल्या. एकदा काहीतरी शोधल्यासारखे करून पडद्यावर नजर टाकून गेल्या. जेवणाच्या सुट्टीत दोघी तंत्रज्ञ मी आल्यावर बोलायच्या थांबल्या. कदाचित त्या दुसऱ्याच कशावर बोलत असतील, पण त्या दिवशी मला कोणतेही थांबणे साधे वाटत नव्हते.

बुधवारी प्लेटा काढल्या. त्वचेवर सर्वांच्याच असतात ते निरुपद्रवी जंतू, बाकी काही नाही. मला हायसे वाटायला हवे होते. त्याऐवजी मनात शंकेची पाल चुकचुकली: सुट्टी मिळाल्यावर, मी घरी पोचण्याआधीच, तिने पट्टा धुतला नसेल कशावरून? नळी नवी आणली नसेल कशावरून? मी तशीच बसून राहिले आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले, की काही सापडले असते तर मी विश्वास ठेवला असता आणि काही सापडले नाही तरी मी विश्वास ठेवत नाही. असे असेल तर मी तपास करत नव्हते. मी फक्त तिच्या मागे लागले होते.

मग मी पाच बाळांची केसपत्रे मागवली. हे मी सोमवारीच करायला हवे होते. पण आमच्या खोलीत बाळ म्हणजे बाटलीवरचा एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापलीकडे जाण्याची सवय आम्हाला नाही. पहिले बाळ: ताप नाही, दूध व्यवस्थित. दुसरे: वजन वाढते आहे. तिसरे: अहवाल आला म्हणून औषध सुरू, तक्रार काही नाही. चौथेही तसेच. पाचवे बाळ घरी जायला निघाले होते. आमच्या अहवालामुळे त्याला चौदा दिवसांच्या सुया लागल्या आणि ते अजून कक्षातच होते. जो जंतू रक्तात शिरला की धडधाकट माणसालाही आडवा करतो, तो पाच इवल्या जिवांच्या रक्तात होता आणि ती पाचही जणे दूध पिऊन वजन वाढवत होती.

रक्तात जंतू नसून बाटलीतच असेल तर?

मी आकडे पुन्हा मांडले. त्या एकवीस दिवसांत नवजात कक्षातून रक्ताच्या त्रेचाळीस बाटल्या आल्या होत्या. इतर परिचारिकांनी भरलेल्या चौतीस; त्यांतली एकही बिघडली नव्हती. चिऊने भरलेल्या नऊ. त्यांतल्या पाच बिघडल्या होत्या. हे आकडे तिच्याकडेच बोट दाखवत होते, पण आता त्यांचा दुसराही अर्थ निघत होता: इतर कोणी करत नाही असे काहीतरी ती करते. ते काय, हे तिच्याखेरीज कोणी सांगू शकत नव्हते, आणि तिच्याशी बोलायला मला मनाई होती.

त्या संध्याकाळी ती गच्चीवर कपडे काढत होती. मी जाऊन दोरीचे दुसरे टोक धरले.

“चिऊ, तू बाळाचं रक्त कसं घेतेस ते मला सांग. पहिल्यापासून.”

“हे कमिटीतर्फे विचारतेस की घरातर्फे?”

“कमिटीला कळलं तर माझीही नोकरी जाईल.”

तिने माझ्याकडे नीट पाहिले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. मग चिमटे एका हातात गोळा करत ती सांगू लागली. हात धुणे, हातमोजे, बाळाची त्वचा पुसणे, वाळू देणे. ते सगळे पुस्तकात आहे तसेच होते.

“मग बाटलीचं प्लास्टिकचं झाकण काढायचं. खालचं रबर पुसायचं, अर्धं मिनिट वाळू द्यायचं, मग त्यातून सुई.”

“रबर कशानं पुसतेस?”

“बरणीतल्या बोळ्यानं. तुमच्याकडूनच येते ना ती बाटल्यांच्या ट्रेबरोबर, जंतुनाशक औषधात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांची.”

“सगळ्याच जणी पुसतात?”

“पुसायला हवं.” ती किंचित हसली. “झाकणाखालचं रबर कंपनीतूनच स्वच्छ येतं, असं म्हणून सोडून देतात. बाळ रडत असतं, आई बघत असते, कोण अर्धं मिनिट थांबणार? मी थांबते. म्हणून मला तिथं ‘नियमावली’ म्हणतात. ‘नियमावली आली गं, झाकणं पुसा.’ मी आले की पुसल्यासारखं करतात आणि पाठ वळली की तेही बंद.”

मी हातातला टॉवेल तिच्याकडे द्यायला विसरले. ती म्हणाली, “काय झालं?”

“अजून काही नाही.”

“वहिनी, तुझा चेहरा पांढरा पडलाय आणि म्हणे काही नाही.”

गुरुवारी सकाळी मी नवजात कक्षाच्या ट्रेमधली बरणी वर मागवली. काचेची, रुंद तोंडाची, पोटावर बारकोडचा स्टिकर. स्कॅन केल्यावर जाऊबाईने सांगितले: भरल्याची तारीख, सोमवार. तीन दिवसांची ताजी बरणी. नियमाप्रमाणे सात दिवस चालते. जाऊबाईच्या लेखी तिच्यात संशयाला जागाच नव्हती. मी तळाशी कापूसकाडी फिरवली, प्लेटवर ओढली, नोंद केली आणि बरणी घेऊन धुण्याच्या खोलीत गेले.

मावशी परीक्षानळ्या विसळत होत्या. “आता बरणीची पण चौकशी?”

“मावशी, ही सोमवारी भरलीत ना?”

“सोमवारी वरून घातलं.”

“वरून म्हणजे?”

“म्हणजे होतं त्यात वरून. बोळे कमी झाले होते ते टाकले, औषध कमी झालं होतं ते ओतलं. अर्धी होतीच की.”

“आणि धुतली कधी होती?”

मावशींनी नळ बंद केला. हात पुसले. त्यांनी माझ्याकडे अशा संशयी नजरेने पाहिले, की सोमवारी संध्याकाळी मी चिऊच्या हातांकडे कशी पाहत होते ते मला आठवले.

“हे कोण विचारतंय? तुम्ही, की मॅडम?”

“मी.”

“मग तुम्हाला माहीत असायला हवं.”

“मला कसं?”

“पूर्वी दर सोमवारी मी सगळ्या बरण्या रिकाम्या करून उकळायची. तुमचे हे स्टिकर आले आणि उकळल्यावर सुटायला लागले. तीनदा तुमच्याकडे आले, तीनदा तुम्ही नवा काढून दिलात. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, ‘मावशी, स्टिकर गेला की जाऊबाईला बरणी सापडत नाही. तो जपा. भरली की फक्त स्कॅन करा, तारीख आपोआप बदलते.’ मग मी जपला.”

मला ते आठवले. शब्दन् शब्द नाही, पण माझा घाईचा स्वर आठवला. टेबलावर पन्नास अहवाल अडकले होते आणि मावशी ओला, गुंडाळी झालेला स्टिकर बोटावर चिकटवून समोर उभ्या होत्या. ‘भरल्याची तारीख’ हा एकच रकाना मी ठेवला होता. रिकामी करून भरली की वरून भरली, हे विचारणारा रकाना मला सुचलाच नव्हता, कारण त्या काळी बरणी धुतल्याशिवाय भरली जातच नसे. तेव्हापासून प्रत्येक सोमवारी मावशी स्कॅन करत होत्या आणि प्रत्येक सोमवारी ती जुनी बरणी नवी होत होती.

“बाकीच्या कक्षांतल्या बरण्यांचं काय?”

“मोठ्या माणसांच्या वॉर्डात बरणी दोन दिवसांत खडखडीत होते. त्यात सगळं नवंच पडतं. ही बाळांचीच तळाला कधी जात नाही.”

कारण तिथे एकटी चिऊच बोळे वापरत होती.

“मॅडमना सांगणार?” मावशींनी विचारले.

“सांगावं लागेल.”

“माझे निवृत्तीला सहा महिने राहिलेत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला. पुढे काही विचारले नाही. त्यांना काय विचारायचे होते ते मला ठाऊक होते, आणि मी काय उत्तर देईन याचा त्यांना भरवसा नव्हता, हेही दिसत होते.

खोलीत परत येऊन मी दार लावून घेतले. प्रणालीत सगळे होते. प्रत्येक स्कॅनपुढे मावशींचा क्रमांक होता. नव्हते ते फक्त मी तोंडी सांगितलेले एक वाक्य. कमिटीपुढे मी बरणी ठेवली आणि गप्प बसले, तर चिऊ सुटत होती, मीही सुटत होते. तो विचार माझ्या मनात किती वेळ होता ते मी सांगणार नाही. होता, एवढे खरे.

शुक्रवारी सकाळी प्लेटवर तोच जंतू दाट वाढलेला होता. औषधांची तपासणी पुरी व्हायची होती, पण रंग, वास आणि यंत्राने दिलेली ओळख, तिन्ही तीच होती. जंतुनाशकात जंतू जगू शकतो का, हा प्रश्न आम्ही परीक्षेत विद्यार्थ्यांना हटकून विचारतो; जुन्या, पातळ झालेल्या जंतुनाशकात जगतो, हे उत्तर अपेक्षित असते.

कमिटी अधीक्षकांच्या खोलीत बसली. अधीक्षक, मॅडम, मुख्य परिचारिका. चिऊ भिंतीलगतच्या खुर्चीवर, गणवेश इस्त्री करून घालून आलेली. मॅडमच्या हातात त्या आठवड्यातल्या माझ्या सगळ्या नोंदींची यादी होती. त्यांनी ती तपासलेली होती.

“आधी हे सांगा,” त्या म्हणाल्या. “मंगळवार. ‘घरगुती नमुना, तीन.’ हे काय आहे?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी चिऊकडे पाहायचे टाळले.

“माझ्या नणंदेच्या हाताचं मलम, घड्याळाचा पट्टा आणि हात पुसायचं फडकं. तिच्या नकळत घेतलं. त्यात जंतू सापडला नाही.”

“परवानगी कोणाची होती?”

“कोणाचीच नाही.”

 मग मी बरणीबद्दल सांगितले: चौतीस बाटल्या, नऊ बाटल्या, न पुसलेली रबरे आणि पुसलेली रबरे, तळाशी साचलेले जुने औषध. मुख्य परिचारिकांचा चेहरा उतरला, कारण नियम न पाळणाऱ्या परिचारिका त्यांच्या हाताखालच्या होत्या. अधीक्षकांनी पेन उचलले.

“बरणी भरतं कोण?”

“धुलाईवाल्या मावशी.”

“म्हणजे हयगय त्यांची.”

“नाही. बरणी उकळू नका, स्टिकर जपा, असं त्यांना मी सांगितलं होतं.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. “तशी नोंद आहे?”

“तोंडी सांगितलं होतं.”

“आधी नणंद, आता मावशी. आज सगळ्यांनाच वाचवायला निघालात का तुम्ही?”

त्यांचा संशय रास्त होता. घरी गुपचूप नमुने घेणारी बाई आता खरे बोलते आहे, हे त्यांनी का मानावे? मी आणलेला कागद पुढे केला. नवा स्टिकर काढला की प्रणालीत त्याची नोंद होते. पहिल्या महिन्यात नवजात कक्षाच्या बरणीचे तीन स्टिकर लागोपाठच्या तीन सोमवारी माझ्या क्रमांकावरून निघाले होते. त्यानंतर अकरा महिन्यांत एकही नाही.

“बरणी उकळली असती तर स्टिकर सुटला असता,” मी म्हणाले. “तिसऱ्या वेळेनंतर तो सुटला नाही, म्हणजे बरणी उकळली गेली नाही. पाहिजे तर मावशींना बोलवा. मी इथं आहे हे त्यांना सांगू नका.”

मावशींना बोलावले. मला शेजारच्या खोलीत बसवले. दहा मिनिटांनी परत बोलावले तेव्हा मॅडम कागदाची घडी घालत होत्या.

निर्णय थोडक्यात झाला. चिऊ त्याच दिवसापासून कामावर. पाचही अहवाल मागे घ्यायचे, पाचव्या बाळाचे औषध बंद करायचे. मावशींना समज देऊन सोडायचे. प्रणालीची जबाबदारी माझ्याकडून काढून घ्यायची, आणि पुढे काय करायचे ते चौकशीनंतर. तोवर माझा पासवर्ड बंद.

बाहेर जिन्यापाशी चिऊ थांबली होती. मी जवळ गेले. 

“मलमात काही सापडलं असतं तर?” तिने विचारले.

“तर तेही वाचून दाखवलं असतं.”

“हो. ते माहीत आहे मला.” ती जिन्याचा कठडा बोटाने घासत होती. “तू मला विचारलं असतंस तर मी हात पुढं केले असते, वहिनी. दोन्ही.”

“चिऊ...”

“चल. त्या बाळाची सुई काढायची आहे. तुझ्याच अहवालानं लागली, तूही बघ.”

नऊ वर्षांच्या नोकरीत मी नवजात कक्षाच्या आत कधी गेले नव्हते. तिने मला गाऊन दिला, हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, घड्याळ पाहत. पाचवे बाळ खिडकीजवळच्या पाळण्यात होते. त्याचा एक हात फळीला बांधलेला होता आणि मनगटावर पट्टीखाली जुन्या सुयांचे निळे डाग होते. शेजारी स्टुलावर त्याची आई बसली होती. झोप न झालेली, केस कसेबसे बांधलेले.

“औषध बंद,” चिऊ तिला म्हणाली. “बाळाच्या रक्तात काहीच नव्हतं. बाटलीत दोष होता. उद्या घरी.”

आईला ते समजायला वेळ लागला. मग तिचे डोळे भरून आले. तिने माझ्याकडे पाहिले. “ह्या कोण?”

चिऊ पट्टीची कड पाण्याने भिजवून सोडवत होती. “प्रयोगशाळेतल्या बाई आहेत,” ती म्हणाली. “दोष कुठं होता ते त्यांनीच शोधलं.”

“फार उपकार झाले हो तुमचे,” आई उठून उभी राहिली. तिने माझा हात धरला. “आठ दिवस झाले, मला वाटत होतं, माझ्याच दुधातून काही गेलं. मी कोणाला विचारलंसुद्धा नाही. भीती वाटायची.”

मी चिऊकडे पाहिले. तिने मान वर केली नाही.

“दोष माझाच होता,” मी त्या आईला म्हणाले. “ज्या बरणीमुळं हे झालं, ती धुवू नका असं मीच सांगितलं होतं.”

माझा हात धरलेली तिची बोटे हळूहळू सैल झाली. तिने चिऊकडे पाहिले. चिऊ सुई काढून, तिथे कापूस दाबून धरून, मनात सेकंद मोजत होती. मग ती आई वाकली आणि पाळणा दोन्ही हातांनी धरून तिने तो माझ्यापासून दूर, आपल्या स्टुलाकडे ओढून घेतला.